डोळ्यांत तेल घालून
पडद्यावरचे वाचन आणि डोळ्यांचा थकवा

श्रावण लागला की दिवाळी अंकाच्या कचेरीत दिवस लहान होऊ लागतात. लेखकांकडून मजकूर येतो, अक्षरजुळणी होते, पहिले मुद्रित, दुसरे मुद्रित, मग पाने लागतात आणि दसऱ्याच्या आसपास अंक छपाईला जातो. या दोन-अडीच महिन्यांत मुद्रितशोधकाला एकच सूचना पुन्हा पुन्हा मिळते : डोळ्यांत तेल घालून वाचा. गेली एकतीस वर्षे मी ही सूचना ऐकते आहे. पहिली बरीच वर्षे कागदावर, हातात लाल पेन घेऊन वाचले. गेली काही वर्षे मुद्रिते कागदावर येत नाहीत. ती पडद्यावर येतात आणि पडद्यावरूनच परत जातात.

तीन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात माझे डोळे बोलू लागले. दुपारी चारनंतर वाळू गेल्यासारखे चुरचुरत, मग पाणी येई, कपाळ जड होई, आणि ऱ्हस्व वेलांटी कुठली, दीर्घ कुठली हे कळेनासे होई. एका कथेत ‘दिन’ आणि ‘दीन’ यांची अदलाबदल माझ्या नजरेखालून तशीच छपाईला गेली. लेखकाने फोन केला, रागावला नाही, पण मला रात्रभर झोप लागली नाही. मुद्रितशोधकाजवळ डोळ्यांखेरीज दुसरे भांडवल नसते. हे काम आता सोडावे का, असा प्रश्न त्या रात्री पहिल्यांदा मनात आला.

ओळखीच्या प्रत्येकाने एकच निदान केले. कॉम्प्युटरने डोळे गेले. उपाय मात्र प्रत्येकाचे निराळे होते : निळा प्रकाश अडवणारा चष्मा, गुलाबपाणी, गाजराचा रस, दर तासाला डोळ्यांवर पाण्याचा हबका. मी त्यांतले बरेचसे केले. गुण आला नाही. तेव्हा मुद्रितशोधकाच्या सवयीने मी मूळ संहितेकडे वळले. थकतो तो डोळ्यातला नेमका कोणता भाग, आणि कशाने, हे शोधू लागले. त्या शोधातून जे हाती लागले ते पुढे मांडते.

तुमचा धंदा कोणता?

डोळ्यांचा थकवा पडद्यापेक्षा पुष्कळ जुना आहे. इटलीतील बर्नार्दिनो रामाझ्झिनी या वैद्याचा कामगारांच्या रोगांवरचा ग्रंथ १७०० साली मोदेना येथे प्रसिद्ध झाला. व्यवसायजन्य आजारांचा अभ्यास तिथून सुरू झाला असे मानतात. त्या ग्रंथाचे निमित्तच मुळी डोळे होते. रामाझ्झिनीच्या घरचा मैलकूप उपसणारा माणूस जिवाच्या आकांताने घाई करत होता. एवढी घाई कशाची, असे विचारल्यावर त्याने सांगितले, की या खड्ड्यात काही तासांहून अधिक राहिले तर डोळे जातात. रामाझ्झिनीने त्याचे डोळे पाहिले. ते लाल आणि अंधूक झालेले होते. रोग्याला विचारायच्या नेहमीच्या प्रश्नांत त्याने पुढे एका प्रश्नाची भर घातली : तुमचा धंदा कोणता?

सोनार, घड्याळजी, बारीक नक्षीकाम करणारे यांच्याविषयी त्याने स्वतंत्र प्रकरण लिहिले. नजर एकाच जागी रोखून धरल्याने यांचे डोळे दुबळे होतात, तेव्हा अधूनमधून काम खाली ठेवावे आणि दृष्टी दुसरीकडे वळवावी, असा त्याचा सल्ला आहे. १७१३ च्या वाढीव आवृत्तीत छापखान्यातल्या कामगारांवरही प्रकरण आले आणि त्यात खिळे जुळवणाऱ्यांच्या डोळ्यांची काळजी आहे. म्हणजे आमच्या पेशाची नोंद तीनशे वर्षांमागे झालेली आहे.

एकोणिसाव्या शतकात या थकव्याला वैद्यकात नाव मिळाले, पण कारण लवकर सापडले नाही. शिंपी, शिवणकाम करणाऱ्या मुली, कारकून अशी तरुण माणसे येत. दूरचे नीट दिसे, डोळा वरून निरोगी असे, तरी जवळचे काम सुरू केले की थोड्या वेळात अक्षरे विरघळू लागत. ग्लासगोच्या विल्यम मॅकेन्झी यांच्यासारख्या नामांकित डॉक्टरांचाही सल्ला असा होता, की बारीक काम सोडा आणि मोकळ्या हवेतला धंदा धरा. उट्रेख्टच्या फ्रान्सिस्कस डोंडर्स यांनी १८६४ साली आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध करून हे चित्र पालटले. अशा रोग्यांपैकी बहुतेकांना दूरदृष्टिदोष असतो, त्यामुळे जवळचे पाहताना त्यांच्या डोळ्याला दुप्पट कष्ट पडतात, आणि योग्य बहिर्गोल भिंगाचा चष्मा दिला की त्रास थांबतो, हे त्यांनी दाखवून दिले. ज्यांना धंदा सोडायला सांगितले जात होते, त्यांना चष्म्याचे एक भिंग पुरणार होते. हे वाचताना मला माझी ती रात्र आठवली.

जवळचे पाहणे म्हणजे काम

निरोगी डोळा सहा मीटर वा त्यापलीकडचे पाहतो तेव्हा त्याच्या आतला स्नायू सैल असतो. वस्तू जवळ आली की भिंगाभोवतीचा कड्यासारखा स्नायू आकुंचन पावतो, भिंगाला ताणून धरणारे तंतू ढिले पडतात आणि भिंग अधिक फुगीर होते. ही यंत्रणा हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८५५ साली समजावून दिली. त्याच वेळी दोन्ही बुबुळे नाकाकडे वळतात आणि बाहुल्या बारीक होतात. पुस्तक वाचणारा माणूस स्वस्थ बसलेला दिसतो, पण त्याच्या डोळ्यांतले हे स्नायू सतत काम करत असतात.

या कामाचे माप काढणे सोपे आहे. मीटरमधल्या अंतराने एकाला भागले, की डायॉप्टर मिळतात. ४० सेंटीमीटरवरच्या पुस्तकासाठी अडीच, २५ सेंटीमीटरवर धरलेल्या मोबाइलसाठी चार, आणि ६५ सेंटीमीटरवरच्या पडद्यासाठी सुमारे दीड. टेबलावरचा पडदा स्नायूंना पुस्तकापेक्षा हलका पडतो आणि हातातला मोबाइल सर्वांत जड, हे यावरून कळते. ‘स्क्रीन’ या एका शब्दात आपण दोन्ही कोंबतो, ही पहिली चूक.

दुसरी चूक चष्म्याची. वयाबरोबर भिंग कडक होत जाते आणि चाळिशीच्या सुमारास फुगण्याची त्याची शक्ती कमी पडू लागते. मराठीने या चष्म्याला वयाचेच नाव दिले आहे : चाळिशी. पण चाळिशीचा नंबर काढताना हातात पुस्तक धरण्याचे अंतर गृहीत धरतात. मला दूरचा नंबर नाही, जवळचा सव्वादोन आहे. सव्वादोनच्या भिंगातून स्वच्छ दिसण्याची शेवटची हद्द म्हणजे एक भागिले सव्वादोन मीटर, म्हणजे ४४ सेंटीमीटर. माझा पडदा होता ६५ सेंटीमीटरवर. तिथे मला स्पष्ट दिसणे शक्यच नव्हते. म्हणून मी नकळत पुढे वाकत होते आणि मान, खांदे, कपाळ त्याची किंमत मोजत होते.

हे उलगडले ते रामाझ्झिनीच्याच प्रश्नामुळे. मी गेले त्या नेत्रतज्ज्ञ बाईंनी आधी विचारले, “काम काय करता?” आणि मग, “पडदा किती लांब असतो? मोजलाय?” मी मोजलेला नव्हता. त्यांनी मला शिंप्याची टेप घेऊन घरी पाठवले. दुसऱ्या खेपेला त्यांनी केवळ पडद्यासाठी सव्वाच्या नंबरचा वेगळा चष्मा दिला. कपाळाचा जडपणा पंधरवड्यात गेला. दूरचा आणि जवळचा असे दोन भाग असलेला किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा लावणाऱ्यांची अडचण आणखी निराळी. वाचनाचा भाग भिंगाच्या तळाशी असल्याने पडदा पाहायला त्यांना हनुवटी वर करावी लागते आणि दिवसाअखेर मान धरते. डोळ्यांची तक्रार म्हणून ते जी सांगतात ती अनेकदा मानेची असते.

निमिष आणि तेल

कपाळ सुटले, पण चुरचुर राहिली. तिचे कारण डोळ्याच्या आत नव्हते, पृष्ठभागावर होते.

बुबुळावर अश्रूंचा एक अतिशय पातळ थर असतो, मिलिमीटरच्या काही हजारांश भागाएवढा. खाली बुबुळाला चिकटून राहणारा श्लेष्मा, मध्ये पाणी आणि वर तेलाचा पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येते. वरच्या पापणीत अशा तीस-चाळीस ग्रंथी असतात, खालच्या पापणीत वीस-तीस. हाइन्रिख माइबोम या जर्मन वैद्याने १६६६ साली त्यांचे वर्णन केले, म्हणून त्या त्याच्या नावाने ओळखल्या जातात. तेलाच्या पापुद्र्यामुळे खालचे पाणी लवकर उडून जात नाही. पापणी पूर्ण मिटली की ग्रंथी किंचित दाबली जाते, तेलाचा थेंब सुटतो, आणि उघडताना पापणी तो थर पुन्हा सारखा पसरवते. डोळ्यांत तेल घालणे हा आपल्या भाषेतला वाक्प्रचार शरीराच्या बाबतीत असा शब्दशः खरा आहे. ते तेल पापणी घालते.

आपल्या पूर्वजांनी कालमापनाचे एकक पापणीवरूनच घेतले. पापणी लवायला लागतो तो वेळ म्हणजे निमिष, आणि अठरा निमिषांची एक काष्ठा. महाभारतातल्या नलोपाख्यानात चार देव नलाचे रूप घेऊन स्वयंवराला येतात, तेव्हा दमयंती खरा नल ओळखते. देवांना घाम येत नाही, त्यांचे पाय जमिनीला टेकत नाहीत आणि त्यांची पापणी लवत नाही, या खुणा तिला उपयोगी पडतात. अनिमिष असणे देवांना परवडते. माणसाला नाही.

पडद्यापुढे मात्र माणूस अर्धा अनिमिष होतो. काझुओ त्सुबोता आणि कात्सु नाकामोरी या जपानी संशोधकांनी कार्यालयात काम करणाऱ्या १०४ जणांच्या पापण्यांची मोजणी केली आणि निष्कर्ष १९९३ साली प्रसिद्ध केले. स्वस्थ बसले असता माणसे मिनिटाला सरासरी २२ वेळा पापणी लववत होती, टेबलावरचे पुस्तक वाचताना १० वेळा आणि पडद्यावरचा मजकूर वाचताना ७ वेळा. त्याच अभ्यासातली दुसरी मोजणी मला अधिक महत्त्वाची वाटते. पुस्तक वाचताना नजर खाली असते, पापणी अर्धी उतरलेली असते आणि डोळ्याचा सुमारे १.२ चौरस सेंटीमीटर भाग उघडा राहतो. समोरच्या पडद्याकडे पाहताना तोच भाग २.३ चौरस सेंटीमीटर होतो. उघडा भाग जवळजवळ दुप्पट आणि पापणीचा फेरा कमी. वर पंखा किंवा समोर एसी असेल तर थर फाटायला वेळ लागत नाही.

पुढे न्यूयॉर्कमध्ये झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने यात एक बारकावा आणला. तोच मजकूर कागदावर आणि पडद्यावर सारख्या अंतरावरून, सारख्या कोनातून वाचायला दिला, तेव्हा पापणी लवण्याच्या एकूण संख्येत फारसा फरक पडला नाही. फरक पडला तो अर्धवट लवण्यात. पडद्यापुढे पापणी अर्ध्यावरून परत फिरण्याचे प्रमाण अधिक होते. अर्धी पापणी खालच्या भागापर्यंत तेल पोहोचवत नाही. तेव्हा संख्या जितकी महत्त्वाची, तितकीच पापणी पूर्ण मिटणे महत्त्वाचे. डोळे कोरडे पडले की पाणी का येते, याचेही उत्तर इथेच आहे. पृष्ठभाग चुरचुरला की डोळा घाईने पाणी सोडतो, पण त्या पाण्यावर पुरेसे तेल नसते. ते गालावर ओघळते आणि डोळा पुन्हा कोरडा.

आता देवनागरीची गोष्ट. आपल्या अक्षराला वर रफार, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार असतात. ओळीच्या तेवढ्याच उंचीत हे सारे बसवायचे, म्हणून त्याच आकारमानात मूळ अक्षर रोमन अक्षरापेक्षा लहान पडते. इंग्रजीला पुरणारा आकार मराठीला पुरत नाही. त्यात मुद्रितशोधकाला अर्थ वाचून भागत नाही, त्याला टिंब आहे की नाही ते पाहायचे असते. एकाग्रता जितकी तीव्र, तितकी पापणी थांबून राहते. डोळ्यांत तेल घालून वाचणारा माणूसच डोळ्यांतले तेल आटवत असतो, हा या धंद्यातला विरोधाभास.

उपायांची तपासणी

या समजुतीवर उपाय घासून पाहिले, तर त्यांतले काही टिकतात, काही गळतात.

टिकणारा पहिला उपाय अंतराचा. पडदा हातभर लांब, म्हणजे ५० ते ७० सेंटीमीटरवर असावा आणि त्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली असावी. नजर उतरती राहिली की पापणीही उतरते. अक्षर वाढवायला संकोच करू नये. मी मुद्रिते दीडशे टक्क्यांवर वाचते. पडद्याच्या पाठीमागे किंवा वाचणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नसावी, बाजूला असावी. उजेडाची परीक्षा साधी आहे : पडद्याशेजारी पांढरा कागद धरावा. पडदा दिव्यासारखा झगमगला तर त्याचा उजेड कमी करावा, मळकट दिसला तर वाढवावा.

दुसरा उपाय पापणीचा. प्रत्येक परिच्छेद संपला, की डोळे हलके मिटून क्षणभर तसेच ठेवायचे आणि उघडायचे, असे दोन-तीनदा. मी पान उलटण्याच्या बटणाला ही सवय जोडून घेतली. रात्री कोमट पाण्यात भिजवून पिळलेला स्वच्छ रुमाल मिटलेल्या पापण्यांवर काही मिनिटे ठेवला, की घट्ट झालेले तेल सुटायला मदत होते. पाण्याचा हबका क्षणभर बरा वाटतो, पण पाण्याने तेल येत नाही. गुलाबपाणी डोळ्यात घालण्यासाठी बनवलेले नसते. डोळे फारच कोरडे असतील तर डॉक्टरांच्या सल्ल्याने कृत्रिम अश्रू वापरता येतात.

तिसरा उपाय विश्रांतीचा. दर वीस मिनिटांनी वीस फुटांपलीकडे वीस सेकंद पाहावे, हा नियम आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. कॅलिफोर्नियातील नेत्रतज्ज्ञ जेफ्री अँशेल यांनी १९९० च्या दशकात तो रुजवला. हे आकडे लक्षात राहावेत म्हणून जुळवलेले आहेत. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पाच, दहा, वीस आणि चाळीस मिनिटांनी वीस सेकंदांची विश्रांती देऊन पाहिली, तर चाळीस मिनिटांच्या कामात त्रासात लक्षणीय फरक दिसला नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात दोन आठवडे रोज आठवण करून दिलेल्यांचा त्रास कमी झाला, पण आठवण थांबवल्यावर आठवड्याभरात फायदा ओसरला. दोन्ही मिळून अर्थ असा, की वीस सेकंदांत जादू नाही. सवय टिकली तर उपयोग आहे आणि खरी विश्रांती उठून चालण्याची. रामाझ्झिनी आकडे देत नव्हता, पण म्हणत होता तेच.

गळणारा उपाय निळ्या चष्म्याचा. सतरा चाचण्या एकत्र तपासून कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली आढावा घेतला. साध्या भिंगाच्या तुलनेत निळा प्रकाश गाळणाऱ्या भिंगाने डोळ्यांचा थकवा, निदान थोड्या काळात तरी, कमी होत असल्याचे दिसले नाही. भर दिवसा अंगणात उभे राहिले तर आकाशातून पडद्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक निळा प्रकाश डोळ्यांत जातो. थकवा स्नायूंचा आणि अश्रूंचा असताना भिंगाचा रंग बदलून काय होणार?

जे पडद्याचे नसते

आतापर्यंतचे सारे दिलासा देणारे आहे. हा थकवा डोळ्याची कायमची हानी करत नाही. विश्रांतीने तो जातो. पण याच कारणाने एक धोका संभवतो, आणि तो सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

ज्यांच्या हाताखाली मी काम शिकले, ते आमचे ज्येष्ठ मुद्रितशोधक माझ्याही आधीपासून डोळ्यांची तक्रार करत. ओळीच्या सुरुवातीची अक्षरे सुटतात, दाराची चौकट खांद्याला लागते, असे म्हणत. आम्ही सगळे म्हणालो, “पडदा, सर. आता वय झालं, कागदावर वाचा.” त्यांनी कागदावर वाचायला घेतले, तरी अक्षरे सुटतच राहिली. तपासणी झाली तेव्हा दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. बाजूची दृष्टी बरीच गेली होती आणि काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही. त्यांच्या वडिलांनाही तो होता, हे नंतर बोलण्यात आले. काचबिंदू बहुधा दुखत नाही, चुरचुरत नाही. तो कडेकडेने गुपचूप येतो. आम्ही पडद्याला दोष दिला आणि दोन वर्षे गमावली.

म्हणून काही खुणा पाठ असाव्यात. रात्रभराच्या झोपेनंतरही न जाणारा अंधुकपणा, एकाच डोळ्याला होणारा त्रास, एकाची दोन दिसणे, दिव्याभोवती रंगीत वलये, अचानक चमकणाऱ्या रेघा किंवा काळ्या ठिपक्यांचा वर्षाव, बाजूचे न दिसणे, हे पडद्याचे नसते. चाळिशीचा नंबर दुकानात न काढता डॉक्टरांकडे काढावा, म्हणजे डोळ्याचा दाब आणि नेत्रपटलही पाहिले जाते. मधुमेह असणाऱ्यांनी बाहुली मोठी करून नेत्रपटल दरवर्षी तपासून घ्यावे. लाल डोळ्यांवर दुकानातून परस्पर आणलेल्या थेंबांत स्टिरॉइड असू शकते. ते दीर्घकाळ घातल्याने डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. थकव्यावरचा उपाय असा आजार होऊन बसतो.

घरातल्या मुलांबद्दल एकच सांगते. त्यांचा प्रश्न थकव्याइतकाच वाढत्या नंबरचा आहे. ग्वांगझो शहरातल्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा बाहेर नेले. तीन वर्षांत दूरचे अंधूक दिसण्याचा दोष नव्याने जडलेल्यांचे प्रमाण तिथे सुमारे ३० टक्के राहिले, तर इतर शाळांत ते सुमारे ४० टक्के होते. हा अभ्यास २०१५ चा आहे. मुलांना उन्हाच्या उजेडात खेळू देणे हा यातला औषधाविना होणारा उपाय.

सर आता वाचत नाहीत, ऐकतात. गेल्या वर्षी अंक छापून आला तेव्हा मी त्यांच्याकडे घेऊन गेले आणि एक कथा वाचून दाखवली. मध्येच त्यांनी विचारले, “तिथे ‘दीन’ दीर्घ आहे ना?” मी थांबले, डोळे मिटले, उघडले आणि पाहिले. होता.